सापडलेलं धन कोणाचं?

आमच्या रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात झाडांच्या मुळ्यांनी तटाचे चिरे कवेत घेतलेत. उद्या वादळात झाड उन्मळलं नि मुळांत जुनी नाणी दिसली, तर ती कोणाची? १८७८ चा कायदा सांगतो, जमिनीत वा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज कलेक्टरांना कळवा. श्रीगुरुचरित्राच्या १८व्या अध्यायात श्रीगुरूंनी घेवड्याचा वेल तोडला. गरीब ब्राह्मण मूळ खणायला गेला, तर द्रव्याचा कुंभ निघाला. तो आधी श्रीगुरूंना सांगायला गेला. त्यांचा आशीर्वाद मिळाला, मगच ते त्याचं झालं. बँकेत जादा निघालेली रोकड आम्ही सस्पेन्स खात्यात जमा करत असू. मोह व्हायचा, खोटं कशाला बोलू! सापडणं ही कृपा, सांगून टाकणं ही परीक्षा. श्रीगुरुदेव दत्त!