पर्यायी बेट

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी सामान्य ज्ञान शिकवते. जगातलं सर्वांत लहान प्रजासत्ताक कोणतं? नौरू, क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. अधिकृत राजधानी नसलेला देश? नौरूच. त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष? हॅमर डिरोबर्ट, १९६८. मुलं उत्तर वहीत उतरवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात, आणि त्यांनी वळायलाच हवं, पेपरात वेळ कमी असतो. पण राष्ट्राध्यक्ष होण्याच्या चार वर्षं आधी याच डिरोबर्ट यांच्यापुढे एक प्रश्न आला होता आणि तो मला धर्माच्या गाभ्याचा वाटतो. तुमची जमीन संपत आली आहे, तिच्या बदल्यात दुसरीकडे चांगली जमीन देतो, घ्याल का?

जमीन संपत आली होती हे अगदी शब्दशः खरं. विषुववृत्ताच्या जराशा दक्षिणेला, पॅसिफिकमध्ये एकटंच पडलेलं हे बेट. किनाऱ्यालगत नारळांचा अरुंद पट्टा, तिथेच बहुतेक वस्ती, आत बुआडाचं तळं, आणि मधोमध पठार. त्या पठाराला तिथले लोक टॉपसाइड म्हणतात. सिडनीत एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार अडवायला नौरूहून आणलेला एक दगड ठेवला होता. सगळे त्याला दगड झालेलं लाकूड समजत. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याने तो तपासला, तर ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. काही वर्षांतच टॉपसाइडवर कुदळी चालू लागल्या. हे फॉस्फेट पोवळ्याच्या चुनखडीच्या सुळक्यांमध्ये गच्च भरलेलं असे. ते उपसलं की मागे नुसते सुळके उरतात, करडे, धारदार, माणसाच्या डोक्यावरून जाणारे. त्यांच्यामध्ये ना घर बांधता येतं, ना झाड लावता येतं. सुरुवातीला जमीनमालकाच्या हाती टनामागे अर्धा पेनी पडत असे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशन नेमलं आणि बाजारभावापेक्षा स्वस्तात ते खत आपापल्या शेतकऱ्यांना पुरवलं. तिकडे पिकं आणि कुरणं तरारली, इकडे पठार उघडं पडत गेलं.

मधल्या काळात माणसांचंही तेच झालं. १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं आणि पुढच्या वर्षी सुमारे १,२०० नौरूवासीयांना ट्रक बेटांवर वेठीला नेलं. तरुण शिक्षक डिरोबर्टही त्यांत होते. भूक, रोगराई आणि बॉम्बफेक यांतून वाचलेले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ ला परत आले. जमात टिकायची तर निदान १,५०० माणसं हवीत, असं नौरूत मानत. १९३२ मध्ये तो आकडा गाठला तेव्हा त्यांनी सण केला होता, आता माणसं पुन्हा त्या आकड्याच्या खाली गेली. बावीस वर्षांनी स्वातंत्र्याचा दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी परतीचीच तारीख निवडली. त्यांचा स्वातंत्र्यदिन ३१ जानेवारीला असतो.

स्वातंत्र्याआधी ऑस्ट्रेलियाने जमिनीच्या बदल्यात देऊ केलेलं बेट म्हणजे क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं कर्टिस बेट, नौरूपेक्षा कितीतरी मोठं. घरं मिळणार, कामधंदा मिळणार, नागरिकत्व मिळणार. पण ते नागरिकत्व ऑस्ट्रेलियाचं. स्वतःचं राज्य नाही. प्रमुख सरदार म्हणून डिरोबर्ट वाटाघाटीला बसले होते. त्यांनी नकार दिला. जी जमीन खोदून नेली ती पुन्हा राहण्याजोगी करून द्या, आम्ही इथेच राहू, अशी त्यांची भूमिका होती.

त्याच सुमारास माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजोळच्या माणसांना सोलापूरकडे पर्यायी जमीन मिळाली. कागदावर एकरास एकर धरलेली ती जमीन कमी नव्हती. नव्या वसाहतीत गावदेवाचं देऊळ बांधलं, जुन्या देवळातला तांदळा बैलगाडीतून आणून यथासांग बसवला. आजी रोज दिवा लावायची, पण म्हणायची, "देव आणला गं, शीव कुठं आणली?" गावदेव शिवेचा राखणदार. शीवच नाही तर तो राखणार काय, हा तिचा सवाल होता आणि तो भाबडा मुळीच नव्हता. देव सर्वत्र आहे हे तिलाही ठाऊक होतं, वारकऱ्याच्या घरची होती ती. तरीही अमुक ओढा, अमुक वड, अमुक बांध यांच्याशी बांधलेलं एक देवपण असतं आणि ते उचलून नेता येत नाही, असं ती मानायची. डिरोबर्ट यांच्या नकारात मला तोच विश्वास दिसतो. म्हणून तो नकार मी निव्वळ राजकारण समजत नाही.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे.

१९७० मध्ये खाणींचा कारभार पूर्णपणे नौरूच्या हाती आला. खोदकाम थांबलं नाही, जोरात चाललं. आता भाव पुरा मिळत होता. कर नाही, दवाखाना फुकट, स्वतःची विमानसेवा, मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस. फॉस्फेट संपल्यावर लेकरांना पुरावा म्हणून राखीव निधी उभारला होता. चुकीची गुंतवणूक आणि उधळपट्टी यांत त्यातला मोठा भाग गेला. या देशाच्या राजमुद्रेवर 'देवाची इच्छा आधी' अशा अर्थाचं ब्रीद कोरलेलं आहे.

नौरूला बोल लावणं आपल्याला शोभत नाही. साठेक वर्षं लुटल्या गेलेल्या माणसाने स्वतःचा माल स्वतःच्या भावाने विकला, त्याला दुसरं पीक नव्हतं. पण तत्त्वाचा प्रश्न उरतोच. बेटाच्या बदल्यात बेट त्यांनी नाकारलं, आणि सहाच वर्षांनी बेटाच्या बदल्यात पैसा घेऊ लागले. निधी हीसुद्धा एक पर्यायी जमीनच होती. कर्टिस बेट निदान पायाखाली राहिलं असतं.

अशा वेळी मला विनोबा आठवतात. ईशावास्यावर त्यांनी मराठीत लिहिलं, आणि १९५१ पासून भूदान मागत गावोगाव हिंडले, ते त्याच विचाराचा आधार घेऊन: हवा-पाण्यासारखी जमीन ईश्वराची आहे, आपण ती वापरणारे. मालक बदलला म्हणून जमिनीचं दैव बदलत नाही, हे नौरूत उघड दिसतं. परका मालक गेला, घरचा आला, कुदळ तीच राहिली. स्वातंत्र्य म्हणजे मालकी हातात येणं एवढंच धरलं तर डिरोबर्ट पूर्ण यशस्वी झाले. पण नकार देताना ते मालकीसाठी बोलत होते असं मला वाटत नाही. ते राखणदारासारखे बोलत होते. सत्ता आल्यावर राखणदाराचा मालक होतो, आणि तो केव्हा झाला हे त्यालाही कळत नाही. हे केवळ देशांचं होतं असंही नाही, आमच्याकडे देवस्थानांच्या इनाम जमिनींचं काय झालं ते बघावं.

तरी त्यांनी मूळची मागणी सोडली नव्हती. मे १९८९ मध्ये, ते राष्ट्राध्यक्ष असतानाच, नौरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. स्वातंत्र्याआधी खोदलेली जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी तुमची, हा दावा होता. जून १९९२ मध्ये न्यायालयाने खटला ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला. जुलैमध्ये डिरोबर्ट मेलबर्नमध्ये वारले. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं.

आज समुद्र चढतो आहे आणि किनाऱ्याचा तो अरुंद पट्टा धोक्यात आला आहे. त्यामुळे वस्ती हळूहळू टॉपसाइडवर हलवायची योजना नौरूने आखली आहे. त्यासाठी आधी सुळके फोडायचे, जमीन सपाट करायची, माती भरायची, मग पाणी, रस्ते, घरं. याच नौरूने २०२१ मध्ये समुद्रतळाच्या खाणकामाचे नियम लवकर ठरवावेत असा तगादा आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडे लावला, कारण पॅसिफिकच्या तळाशी धातूंचे गोळे आहेत आणि ते काढू पाहणाऱ्या कंपनीला नौरूचा पाठिंबा आहे. टॉपसाइडवर घरं बांधायला पैसा लागणार, तो कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. आणि त्या तळाची शीव कोण राखणार, हा आजीचा प्रश्नही तितकाच खरा आहे.