खोका कुठवर आला?

ऑक्टोबर २०२३ पासून गाझाच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. खरं सांगायचं तर पहिल्या काही आठवड्यांनंतर मी मथळा वाचून पान उलटायचो. डिसेंबरात मात्र तेच पान अक्षरन् अक्षर वाचू लागलो. का? तर लेकीचा खोका अडकला म्हणून.

लग्नानंतर हॅम्बर्गला गेलेल्या मुलीसाठी निपाणीहून आम्ही बोटीने सामान धाडलं होतं. पितळी डबे, पुस्तकं आणि आजीने जुन्या पातळांची शिवलेली वाकळ. त्याच सुमारास गाझाच्या युद्धावरून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले वाढले आणि बड्या कंपन्या सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. सकाळी चहाच्या आधी मी मोबाईलवर खोका कुठवर आला ते बघायचो. वाकळ भिजली तर? डबे चेपले तर? एकदा लेकच फोनवर म्हणाली, "बाबा, सामान येईल तेव्हा येईल. बोटीवरच्या माणसांचं काय?"

मी गप्प झालो. बोटीवर माणसं असतात हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण तिथं मन थांबलंच नव्हतं.

१९ नोव्हेंबर २०२३ ला हुतींनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज धरलं. त्यावरचे २५ खलाशी सुटले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. ६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर त्यांचं क्षेपणास्त्र पडलं आणि तिघे खलाशी गेले. दोघे फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवलं. पोटासाठी बोटीवर चढलेल्या या माणसांचा त्या युद्धाशी काय संबंध?

हा प्रश्न मी तावातावाने विचारला खरा, पण मग आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातला ६ डिसेंबर २०२२ आठवला. त्या दिवशी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगड पडले. मी संतापलो, आणि तो संताप खोटा नव्हता. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासल्याची बातमी आली, तेव्हा "बरं झालं" असं मी चारचौघांत म्हणालो. त्या बसच्या ड्रायव्हरनं माझं काय घेतलं होतं? तो कदाचित आमच्याच भागातला असेल, घरी मराठी बोलणारा असेल. आणि नसला म्हणून काय झालं? तिकडे महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या, तर कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली आमचीच माणसं स्टँडवर ताटकळली. हुतींच्या क्षेपणास्त्राला मी ज्या मापाने मोजतो, ते माप त्या दिवशी कुठं गेलं होतं? दगड आणि क्षेपणास्त्र एक नव्हे, हे मलाही कळतं. पण वाटेतल्या माणसाला विसरणं दोन्हीकडे सारखंच नाही का?

सीमाभागाचा हक्क सोडा असं मी म्हणत नाही. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला मी जातो आणि जात राहीन. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं नेटानं लढवला पाहिजे. पण उद्या पुन्हा गाड्या अडल्या आणि अडवणारे आपल्या बाजूचे निघाले, तर "हे चुकलं" असं आपल्याच कट्ट्यावर मी म्हणणार आहे. तुम्हीही म्हणा.