गोष्ट गोड, पुरावा कुठे?

विलायतेहून मुंबईला निघालेली आगबोट पूर्वेकडे जाते, म्हणून तिची डावी बाजू उत्तरेला राहते आणि त्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी लागतं. परतताना हीच सोय उजवीकडे मिळते. पी अँड ओ कंपनी म्हणे बड्या उतारूंच्या तिकिटांवर 'पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरं छापत असे आणि त्यातून 'पॉश' हा शब्द जन्मला. मराठीतही 'पॉश फ्लॅट' इतका रुळला आहे की ही जन्मकथा इकडेही हौसेने सांगितली जाते.

पण असं तिकीट आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. पुढे हजारो लोकांनी हा प्रवास केला, घरी पत्रं लिहिली, रोजनिश्या ठेवल्या. तिकिटाची कथा मात्र छापून आली ती १९३० च्या दशकात. शब्द तिच्याहून जुना आहे: १८९० च्या सुमाराच्या एका बोलभाषेच्या कोशात तो छानछोकीने राहणाऱ्या माणसासाठी दिलेला आहे. रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून, अर्ध्या पेनीच्या नाण्यावरून तो आला असावा, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. तर्कच तो, पण आगबोटीच्या कथेपेक्षा कितीतरी प्रामाणिक.

वाक्प्रचारांच्या जन्मकथा अशा कर्णोपकर्णी पसरतात, कारण त्यांच्यात सगळे दुवे जागच्या जागी बसलेले असतात. नेमकं हेच संशयाला पुरेसं कारण आहे. मुसळधार पावसाला इंग्रज 'कुत्री-मांजरं पडताहेत' म्हणतात. जुन्या काळी गवती छपरात निजणारी जनावरं पावसात घसरून खाली पडत, हे त्याचं स्पष्टीकरण १९९९ मध्ये ईमेलमधून जगभर फिरलं. मांजर छपरावर चढेल, कुत्रं तिथे निजायला कसं जाणार? हेन्री व्हॉन या कवीने १६५१ मध्येच कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडला होता. हा वाक्प्रचार मूळ कशावरून सुचला, हे कुणालाही ठामपणे सांगता येत नाही. ते अज्ञान मान्य करणं हीसुद्धा विद्वत्ताच आहे.

मग आद्याक्षरांची प्रत्येक कथा खोटी समजायची का? 'ओके'ने तीही सोय ठेवलेली नाही. २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापली गेली. तेव्हा अमेरिकेत अशा अशुद्ध संक्षेपांची फॅशनच होती. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. किंडरहूक हे त्यांचं गाव, म्हणून ते 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी 'ओके क्लब' काढले. व्हॅन ब्युरेन हरले, अक्षरं मात्र टिकली. हे सगळं उजेडात आणलं भाषा-अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी, १९६० च्या दशकात, जुन्या वर्तमानपत्रांचे अंक चाळून. तोवर 'ओके'ला कुणी चॉक्टॉ भाषेतून आणत होतं, कुणी ग्रीकमधून. 'पॉश'चं तिकीट कुणाला दाखवता आलं नाही. 'ओके'चा अंक रीड यांनी तारखेसह समोर ठेवला, फरक एवढाच आणि तो निर्णायक आहे.

काही शब्द तर आपला पुरावा सोबतच घेऊन येतात. ब्रिटिश बोलीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळची देवळाली. सैनिक पूर्ण प्रयोग करत 'डूलॅली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत येत. सैन्य नेणारी जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. शेवटचं जहाज चुकलं की पुढच्या मोसमापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, तिथेच थांबायचं. काम नाही, शिस्त सैल, डोक्यावर उन्हाळा. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने 'ओल्ड सोल्जर साहिब' या १९३६ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की एरवी नीट वागणारी माणसंही त्या रिकामपणात बिघडत, रोगांना बळी पडत, कुणी तुरुंगात जाई.

पुढे इंग्रजीने 'ताप' गाळून टाकला आणि 'डूलॅली' विक्षिप्तपणाचा हलकाफुलका शब्द म्हणून उरला. मराठी वाचकाला मात्र त्यातलं गाव आणि गळालेला ताप, दोन्ही ओळखीचे आहेत. घरी जायला मिळत नाही म्हणून माणसं खचत होती, हे त्या दोन शब्दांत नोंदलेलं आहे. त्याला कुठल्याही तिकिटाची जोड द्यावी लागत नाही.