वही उघडी ठेव

कॅन्सस सिटी,
१५ सप्टेंबर

चि. ओंकार यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला होता. तू दोन दिवस धड जेवला नाहीस, संघ सोडायचं म्हणतोस, आणि त्या दहावीतल्या मुलाशी एक शब्द बोलत नाहीस, असं म्हणाली. तीन वर्षं वाट पाहिल्यावर बारावीत क्वार्टरबॅक म्हणून तुझी पाळी आली, आणि दोन सामने होताच कोचनी त्याला पुढं केलं. वाईट वाटणारच. ‘खेळच तो, एवढं काय मनाला लावून घेतोस’ असं मी म्हणणार नाही. ज्यासाठी पहाटे पाचला उठलास ते हातातून गेलंय, त्याचं दुःख खरं आहे.

हे पत्र ताई तुझ्याआधी वाचणार, म्हणून तिच्यासाठी थोडं. ताई, अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की पुढच्या तीन-एक सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा, कुणाला द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याला ठरवावं लागतं. जागा यष्टिरक्षकासारखी. संघात आणखी एखादा फलंदाज मावतो, पण ग्लोव्हज एकाच्याच हातात. धोनी उभा होता तोवर कितीतरी चांगले यष्टिरक्षक रणजीच खेळत राहिले. त्यामुळे ओंकार आणि तो मुलगा दोघंही चांगले असले तरी एकाला कडेला उभं राहावंच लागणार.

आता तुझ्याशी बोलतो. ॲलेक्स स्मिथ हे नाव तुझ्या वयाच्या मुलांना त्याच्या मोडलेल्या पायामुळे माहीत असतं. मला तो त्याआधीपासून माहीत आहे, कारण पाच वर्षं तो आमच्या गावचा क्वार्टरबॅक होता. त्याची सगळी कारकीर्द तुझ्यापुढे मांडावीशी वाटते, कारण तुझ्यावर आलेला प्रसंग त्याच्यावर दोनदा आला.

युटा विद्यापीठाकडून २००४ च्या हंगामात तो एकही सामना हरला नाही. अर्थशास्त्राची पदवी त्यानं दोन वर्षांत घेतली. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला सगळ्यांत पहिला निवडला. त्याच दिवशी दुसरा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ताटकळत बसून चोविसावा निवडला गेला, आणि पुढची कित्येक वर्षं लोक स्मिथला रॉजर्सच्या मापानं मोजत राहिले. पहिल्या हंगामात स्मिथचा टचडाउन पास एक आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघानं पकडलेले पास, अकरा. त्यात पहिल्या चार वर्षांत आक्रमणाचे प्रशिक्षक चार. प्रत्येकाचं प्लेबुक वेगळं, त्याच डावाचं नाव दर वर्षी निराळं. एकविसाव्या वर्षी दरसाल नवी भाषा शिकायची आणि साठ-सत्तर हजार लोकांसमोर ती अस्खलित बोलायची, असा तो प्रकार होता. २००७ मध्ये खांदा दुखावला, तसाच खेळला, आणि त्यापायी २००८ चा पूर्ण हंगाम गेला.

मग २०११ मध्ये जिम हार्बॉ प्रशिक्षक झाले आणि संघानं तेरा सामने जिंकले. जानेवारी २०१२ मधला न्यू ऑर्लिन्सविरुद्धचा सामना कुठं मिळाला तर जरूर बघ. शेवटच्या चार मिनिटांत पारडं चार वेळा फिरलं. स्मिथ आधी अठ्ठावीस यार्ड पळत जाऊन टचडाउन करून आला, आणि नऊ सेकंद उरलेले असताना त्यानं व्हर्नन डेव्हिसला टाकलेल्या पासवर ३६-३२ असा विजय मिळाला. सात वर्षं शिव्या खाल्लेला माणूस त्या संध्याकाळी गावाचा लाडका झाला.

पुढच्याच हंगामात तो आणखी चांगला खेळत होता. दहातले सात पास पोहोचत होते. ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाविरुद्ध एकोणीसपैकी अठरा! आणि नोव्हेंबरात सेंट लुईसविरुद्ध डोक्याला मार बसला, मेंदूला हादरा बसला. त्याच्या जागी कॉलिन केपर्निक उतरला, झपाट्यानं खेळला, आणि स्मिथ बरा होऊन आला तेव्हा जागा गेलेली होती. चूक काहीच नव्हती, ओंकार. संघ त्या वर्षी लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, सुपर बोलपर्यंत, पोहोचला आणि स्मिथ कडेला उभा होता. मनातली खंत त्यानं लपवली नाही, पण सरावाला येणं थांबवलं नाही आणि केपर्निकला मदत करणंही थांबवलं नाही. हंगाम पुरा केला, आणि मगच दुसऱ्या संघात गेला. ‘मगच’ हा शब्द लक्षात घे. जाणं मी वाईट म्हणत नाही. नोव्हेंबर संपल्यावर कुठल्या कॉलेजात जायचं, फुटबॉल खेळायचा की नाही, सगळं तू ठरव, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. पण अर्ध्या हंगामात, रागात, सोबत्यांना सोडून जाऊ नकोस.

इथेच एक गोष्ट निक्षून सांगतो. मार लागल्यामुळे जागा जाते हे पाहून पोरं मार लपवतात. तू कधीही, कुठल्याही सामन्यासाठी, डोक्याचा मार लपवायचा नाहीस. जागा गेली तरी चालेल.

तर २०१३ मध्ये तो आमच्याकडे आला. त्याआधीच्या वर्षी आमच्या चीफ्सनी सोळांपैकी दोन सामने जिंकले होते. तो आला त्या वर्षी अकरा. तुझ्या मामीला या खेळातलं फारसं कळत नसे, तीही त्या वर्षी रविवारी लाल स्वेटर घालायला लागली. आणि एवढं झाल्यावर, एप्रिल २०१७ मध्ये, संघानं ड्राफ्टमध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारून पॅट्रिक महोम्सला निवडलं. स्मिथ तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. ही निवड कशासाठी आहे हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यानंतरचं वर्ष मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. स्मिथ त्या हंगामात आयुष्यातलं सर्वोत्तम खेळला: ४,०४२ यार्ड, २६ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन, पासर रेटिंगमध्ये साऱ्या लीगमध्ये पहिला. आणि आठवडाभर ज्या खोलीत बसून समोरच्या संघाच्या फिल्म पाहायच्या, बचावफळी कशी उभी राहिली तर काय करायचं हे ठरवायचं, त्या खोलीचं दार त्यानं महोम्ससाठी उघडं ठेवलं. सामन्याची तयारी कशी करायची हे आपण ॲलेक्सकडे पाहून शिकलो, असं महोम्सनं पुढं अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. चेंडू फेकायचा हात त्याला देवानं दिला होता. आठवडा कसा घालवायचा हे एका माणसानं दिलं, आणि तेही आपली जागा जाणार हे पक्कं ठाऊक असताना.

त्याचं फळ स्मिथला मिळालं असं सांगून मी तुला फसवणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये टेनेसीविरुद्ध आम्ही आमच्याच मैदानावर, ॲरोहेडवर, २१-३ असे पुढं होतो आणि २२-२१ असे हरलो. मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. महिन्याभरात स्मिथची रवानगी वॉशिंग्टनला ठरली. पुढच्या हंगामात महोम्सनं पन्नास टचडाउन पास टाकले. फेब्रुवारी २०२० मध्ये मायामीत सुपर बोल झाला तो कॅन्सस सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात. ज्या दोन संघांनी स्मिथच्या जागी दुसरा उभा केला, तेच दोन. आम्ही पन्नास वर्षांनी जिंकलो, रस्त्यावर नाचलो. स्मिथनं सुपर बोलमध्ये कधीच एकही पास टाकला नाही.

पायाचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. १८ नोव्हेंबर २०१८ ला ह्यूस्टनविरुद्ध उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. मग जंतुसंसर्ग झाला, जीव जायची वेळ आली, पाय कापायचा विचार झाला. एकूण सतरा शस्त्रक्रिया. सॅन अँटोनियोच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात, युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसोबत त्यानं व्यायाम केला. ६९३ दिवसांनी तो पुन्हा मैदानात उतरला, सहा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि त्यातले पाच जिंकले. लोक या पुनरागमनाची गोष्ट सांगतात, आणि ती मोठी आहेच. मला मात्र असं वाटतं की अशी चिकाटी काही माणसांच्या शरीरातच असते. २०१७ मध्ये त्यानं जे केलं त्यासाठी मोडलेलं हाड लागत नाही. ते तुला येत्या सोमवारी करता येईल.

हे एवढं पोटतिडकीनं का लिहितो तेही सांगतो. मी छत्तीस वर्षांचा असताना कचेरीत एका नव्या मुलाला माझ्या हाताखाली दिलं. तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि माझी जागा घेणार हे मला दिसत होतं. मशिनं कुठं अडतात, कशी सोडवायची, याची माझी सात वर्षांची वही होती. मी ती घरी नेऊन ठेवली. त्यानं विचारलं की ‘बघू’ म्हणायचो. जागा त्यानं घेतलीच, फक्त जे चार दिवसांत कळलं असतं ते त्याला चुका करत वर्षभरात कळलं, आणि त्या चुकांचा त्रास खाली काम करणाऱ्या माणसांना झाला. वही अजून माझ्या कपाटात आहे. तिचा कुणालाच उपयोग झाला नाही. मी ती फेकू शकत नाही.

तुझ्याकडेही वही आहे. गेल्या थँक्सगिव्हिंगला तू मला दाखवली होतीस. तुमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक संघाची बचावफळी तू तीन रंगांत काढली आहेस. कुठला कोच तिसऱ्या प्रयत्नाला सगळी माणसं अंगावर सोडतो, कुठला खेळाडू डाव्या बाजूला लवकर सरकतो, सगळं आहे त्यात. तो मुलगा पंधरा वर्षांचा आहे. शुक्रवारी दिव्यांच्या झोतात उभा राहिल्यावर त्याला यातलं काहीच दिसणार नाहीये, आणि ज्याला ते दिसतं असा एकच माणूस कडेला उभा असेल.

सोमवारी सरावाआधी अर्धा तास लवकर जा आणि वही त्याच्यासमोर ठेव. सुरुवातीला अवघड वाटेल, त्यालाही आणि तुलाही. येत्या शुक्रवारी तुमच्यासमोर कोण आहे त्या पानापासून सुरुवात करा.

आणि शनिवारी मला फोन कर. तुझ्या पानावरचं काय काय त्याला मैदानात दिसलं, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

ताईला नमस्कार, भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा