रतामाच्या झुडपाखाली



कर्मेल डोंगरावर जय मिळवलेला एलीया पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसतो (१ राजे १९). देवाने त्याला बोल लावला नाही. झोपू दिले, मग निखाऱ्यावरची भाकर व पाणी दिले, तेही दोनदा. प्रश्न विचारला तो चाळीस दिवसांनी, होरेबात.

आपले उलटे. निपाणीचे मूल बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातून सुटीला आले, की पहिला प्रश्न, "प्रबंध कधी संपणार? नोकरीचे काय?" आईने विड्या वळून शिकवलेल्या मुलाला तो दुप्पट जड जातो. मग ते रात्र रात्र जागते, उपासनेला येईनासे होते; आणि आपण म्हणतो, विश्वास कमी पडला. एलीयाचा कमी होता काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, ही तुमच्याच हाताखालून गेलेली मुले. आधी जेवायला बोलवा. मरणाची भाषा निघाली तर एकटे सोडू नका. प्रार्थना कराच, पण डॉक्टरांकडेही सोबत जा. २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते.

एलीया म्हणाला, मी एकटाच उरलो. देवाने त्याला आणखी सात हजारांविषयी सांगितले आणि अलीशाकडे पाठवले.