न दिसणारी चूक

जी चूक कोणाच्याहि दृष्टीस कधीं पडणार नाहीं आणि जिच्यापासून कोणाचें केसाइतकेंहि नुकसान होणार नाहीं, तिला चूक म्हणावें काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्हीं आजवर अनेकदां विद्यार्थ्यांपुढें टाकला आहे, आणि तास संपल्याची घंटा होतांच तो तेथेंच सोडून, हातांचा खडू झटकून, आम्ही घरीं आलों आहों. परंतु प्रश्नांनाहि सूड उगवितां येतो असें दिसतें. ज्याला इतकीं वर्षें वर्गांत कोंडून ठेवलें तोच प्रश्न एके दिवशीं आमच्या घरीं पुस्तकांच्या कपाटांत येऊन बसला. आणि तोहि कशाच्या रूपानें, तर वीतभराहून किंचित् लांब अशा एका आगगाडीच्या डब्याच्या रूपानें! ती हकीकत वाचकांस सांगावी व तिच्यांतून निघणारा थोडासा विचार त्यांच्यापुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वी अध्यापनाच्या निमित्तानें इंग्लंडांत यॉर्क शहरीं एक वर्ष राहण्याचा योग आम्हांस आला. यॉर्क हें आगगाडीच्या भक्तांचें क्षेत्रच होय. राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालय १९७५ सालीं तेथें उघडलें, आणि १९९६ सालीं बंद पडेपर्यंत डबे बांधण्याचा एक मोठा कारखानाहि तेथें होता. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ त्याच कारखान्यांतून रंगारी म्हणून निवृत्त झाले होते. हिवाळ्यांत तिकडे दुपारीं चार वाजतांच अंधार पडतो. संध्याकाळ खायला उठते. अशा एका संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस आपल्या मागल्या खोलींत नेलें. तेथें मेजांवर त्यांनीं उभारलेली लहानशी रेल्वे पाहून आम्ही पोरासारखे रमलों, आणि आठवड्याभरांतच स्वतःच्या हातानें एक डबा तयार करण्याचा निश्चय करून बसलों.

या छंदांत रूपांतर-संच नांवाची एक वस्तु मिळते. कारखान्यांत तयार होऊन दुकानांत येणारे नमुन्याचे डबे ठराविक प्रकारचे असतात. खऱ्या रुळांवर धावलेले प्रकार मात्र कितीतरी. म्हणून हौशी मंडळी एखादा तयार डबा घेऊन त्याच्या प्लॅस्टिकच्या बाजू कापून काढतात, आणि त्यांच्या जागीं पातळ पितळी पत्र्याच्या, अम्लानें खिडक्या-दारें कोरलेल्या, नव्या बाजू बसवितात. खालचा सांगाडा, चाकें आणि छत हीं जुनींच राहतात. आम्हीं घेतलेला मूळ डबा ब्रिटिश रेल्वेनें १९५१ पासून बांधलेल्या ‘मार्क वन’ जातीचा, आठ कक्षांचा, साधा उतारूंचा होता. त्याचा आम्हांस गार्डाचा डबा करावयाचा होता. म्हणजे अर्ध्या भागांत उतारूंचे चार कक्ष, आणि उरलेल्या अर्ध्यांत गार्ड व सामान. खरा डबा साडेचौसष्ट फूट लांब. फुटास चार मिलिमीटर या प्रमाणानें आमचा २५८ मिलिमीटर भरला.

काम वाटलें तितकें सोपें नव्हतें. खऱ्या डब्याची बाजू खालच्या अंगास किंचित् आंत वळलेली असते. तें वळण पितळी पत्र्यास गोल लांकडावर दाबून हळूहळू द्यावें लागतें. घाई केली कीं पत्र्यास घडी पडते, आणि पडलेली घडी पितळ विसरत नाहीं. पत्रा घासावा, साबणाच्या पाण्यानें धुवावा, मग बोटहि न लावतां त्यावर अस्तराचा रंग द्यावा. आम्हांस १९५६ पूर्वीचा दुरंगी डबा हवा होता. तेव्हां आधीं फिकट सायीचा रंग, तो पुरता वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी, आणि मग खालीं-वर किरमिजी. रंगकामाचे दहा आणे पुसण्या-घासण्यांत असतात आणि सहाच आणे रंगांत, अशा अर्थाचें कांहीं आमचे शेजारी वरचेवर म्हणत. दोन महिने गेले. या दोन महिन्यांत आम्हांस जी एकाग्रता लाभली ती तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांनीं क्वचितच दिली आहे, हें कबूल केलें पाहिजे.

डबा अर्धा झाला असतां आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “सांगाडा एकाचा, बाजू दुसऱ्याच्या, मग हा डबा म्हणायचा तरी कोणता?” प्रश्न थट्टेचा होता, तरी तो जुना व थोर आहे. मिलिंद राजास नागसेनानें हाच प्रश्न रथाविषयीं केला होता: आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? एकेका अवयवास रथ म्हणतां येत नाहीं, आणि अवयव वगळून निराळा रथहि दाखवितां येत नाहीं. अवयव एकत्र आले म्हणजे त्या जुळणीस आपण तें नांव देतों. शिवाय, जुळणी म्हणजे लबाडी असें धरलें तर आम्हां पुणेकरांच्या ‘दख्खनच्या राणी’चें काय होईल? १ जून १९३० रोजीं ही गाडी सुरू झाली तेव्हां तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडांत घडविलेले होते आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यांत बांधलेले होते. एक गाडी रुपेरी व तांबड्या रेघांची, दुसरी निळी व सोनेरी रेघांची. त्या डब्यांपैकीं आज एकहि तिच्यांत नाहीं. २०२२ सालीं तर अगदीं नव्या धाटणीचे डबे तिला मिळाले. तरी ती दख्खनची राणीच आहे, आणि तिला तोतया म्हणण्याची कोणाची छाती नाहीं. तेव्हां दोन ठिकाणचे भाग जोडले एवढ्यानें वस्तु खोटी होत नाहीं, हें आम्हीं सौभाग्यवतींस पटवून दिलें. निदान त्या पुढें बोलल्या नाहींत.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे, आणि तो या छंदाच्या पायावरच येतो. डबा फुटास चार मिलिमीटर या मापाचा. परंतु तो ज्या रुळांवर उभा आहे त्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. खऱ्या इंग्रजी रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच. त्याचें याच मापानें १८.८३ मिलिमीटर व्हावयास हवें. म्हणजे इंग्लंडांत घरोघर धावणाऱ्या या छोट्या गाड्यांचा मार्ग खऱ्याच्या मानानें सात इंच अरुंद आहे! याचें कारण असें कीं, इंग्रजी इंजिनें युरोपांतील इंजिनांहून अंगानें लहान; फुटास साडेतीन मिलिमीटर या मापानें तीं केलीं तर त्या काळची विजेची मोटार त्यांच्या पोटांत मावेना. म्हणून इंजिनें व डबे फुगविले, आणि रूळ होते तसेच ठेवले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कांहीं कट्टर मंडळींनीं बरोबर १८.८३ मिलिमीटरांचे रूळ घालण्याचा पंथ काढला. तथापि बहुसंख्य लोक त्या अरुंद रुळांवरच सुखानें नांदत आहेत.

मग हे सर्व लोक खोटारडे म्हणावयाचे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हें उणें सर्वांस ठाऊक आहे, पुस्तकांत छापलेलें आहे, नवशिक्यास पहिल्याच दिवशीं सांगितलें जातें. नाटकांतील पडद्यावर राजवाडा रंगविलेला असतो म्हणून प्रेक्षक फसला असें कोणी म्हणत नाहीं. जें उणें उघड्यावर मांडलेलें आहे त्याचें नांव मर्यादा. आणि मर्यादा नाहीं असें मानवी काम कोठें आहे? आम्हीं स्वतः खालच्या सांगाड्यास तांबूस-तपकिरी रंगाची धूळ फांसली. बिडाचे ब्रेक झिजून खऱ्या डब्यांखालीं तशीच धूळ बसत असे. ती धूळहि खोटी, परंतु तिनें सत्यच सांगितलें.

येथवर आमचा डबा निर्दोष सुटला. आतां खरी गोष्ट सांगतों.

डब्याच्या आंतील बाकें व आडभिंती यांचा एकच अखंड सांचा मूळ डब्याबरोबर येतो. गार्डाचा डबा करावयाचा तर तो सांचा मध्यें करवतून अर्धा टाकून द्यावा लागतो, आणि त्या जागीं सामानाची मोकळी खोली व गार्डाची लहानशी जागा पुठ्ठ्यानें करावी लागते. आमचा परतीचा दिवस जवळ आला होता. रंग उत्तम साधला होता. त्या रात्रीं हातांत करवत घेऊन आम्ही बराच वेळ बसलों, आणि मग ती खालीं ठेवली. सामानाच्या भागाला खिडक्या थोड्या. आंत कोण पाहणार? आम्हीं त्या खिडक्यांच्या कांचांस आंतून काळ्या रंगाचा हात दिला, अखंड सांचा तसाच आंत बसविला, आणि छत डिंकानें पक्कें केलें. सामानाच्या खोलींत, अंधारांत, उतारूंचीं बाकें तशींच राहिलीं.

शेजाऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं डबा हातांत घेऊन दिव्याखालीं फिरविला, रंगाची किनार निरखली, आणि आमच्या पाठीवर थाप मारली. ती थाप आम्हीं घेतली. पुण्यास आल्यावर डबा कपाटांत कांचेमागें विराजमान झाला. येणारे-जाणारे त्याची वाहवा करीत, आणि आम्ही विनयानें हंसत असूं. विनय हा इतका सोयीचा गुण आहे हें आम्हांस त्यापूर्वी ठाऊक नव्हतें.

आमच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ होतें, आणि तें सर्व आम्हीं मनांत बोलून घेतलें. बाकें राहिलीं म्हणून कोणाचा प्रवास अडला? झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपले पूर्वजच सांगून गेले आहेत. ज्या वस्तूचा उपयोग केवळ पाहण्याचा, तिच्यांतील न दिसणारा भाग हा तिचा भागच नव्हे, असेंहि एक तर्कशुद्ध विधान आम्हीं बनविलें. तें आजहि आम्हांस खोडतां येत नाहीं. फक्त एवढेंच कीं, तें ज्या दिवशीं सुचलें त्या दिवसापासून त्या कपाटाकडे पाठ करून बसण्याची आम्हांस संवय लागली.

पुढें एकदां आमच्या मार्गदर्शनाखालीं प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी प्रकरण घेऊन घरीं आली. तिनें एका जुन्या अहवालाचा आधार पृष्ठांकासह दिला होता. तो अहवाल कोठें पाहिला असें विचारतां ती गोंधळली. अहवाल तिनें पाहिलाच नव्हता. दुसऱ्या एका ग्रंथाच्या तळटीपेंतून आधार उचलला होता. “पण सर, मजकूर बरोबर आहे, पृष्ठांकहि बरोबर आहे. मीं ताडून घेतलाय. मग बिघडलं कुठं?” असें तिनें अगदीं सरळ मनानें विचारलें.

आमचें व्याख्यान तयार होतें. असल्या प्रसंगाचें व्याख्यान प्राध्यापकापाशीं नेहमींच तयार असतें. तोंड उघडलें, आणि नजर तिच्या खांद्यावरून कपाटाकडे गेली. त्या काळ्या कांचा समोर होत्या. व्याख्यान घशांतच राहिलें. शेवटीं आम्हीं डबा काढून तिच्या हातांत दिला व येथें लिहिलें तें सारें तिला सांगितलें. ती प्रथम हंसली, मग डबा उलटासुलटा करून पाहूं लागली, आणि म्हणाली, “पण सर, बाकं राहिली यापेक्षां कांचा काळ्या केल्या, हेंच जास्त वाईट.”

जें आम्हांस दोन वर्षांत उमगलें नाहीं तें तिला दोन मिनिटांत उमगलें. बाकें राहिलीं ही आमची मर्यादा होती. वेळ नव्हता, धीर नव्हता, हात थकले होते. ती मर्यादा रुळांच्या अरुंदपणासारखीच सांगतां आली असती, आणि सांगितली असती तर ऐकणारा हंसून पुढें गेला असता. कांचेवर काळा हात फिरला त्या क्षणीं मर्यादेचें असत्य झालें. त्यानें जगाचें कांहीं बिघडलें नाहीं हें खरें. परंतु आमची स्तुति करणारा प्रत्येक मनुष्य त्या दिवसापासून आमच्या लेखीं थोडासा फसलेला मनुष्य झाला, आणि फसलेल्या मनुष्याचा आदर करणें कठीण असतें. न दिसणारी चूक दुसऱ्याचें नुकसान करीत नाहीं. ती करणाऱ्याला मात्र, ज्यांच्यावर त्याचें प्रेम असावें अशा माणसांपासून, बोटभर दूर नेऊन बसविते. कपाटाकडे पाठ करण्याचें कारण आम्हांस त्या दिवशीं कळलें. त्या विद्यार्थिनीस जें सांगावयाचें होतें तें याहून निराळें नव्हतें: आधार दुसऱ्याच्या ग्रंथांतून घेतला, एवढी एक ओळ लिहिली म्हणजे कांच स्वच्छ झाली. तिनें ती ओळ तेथेंच बसून लिहिली.

त्या रविवारीं आम्हीं छत उचकटलें. बाकें करवतून काढलीं, पुठ्ठ्याची खोली केली, कांचा पुसल्या. उचकटतांना छताखालच्या किनारीचा रंग एके ठिकाणीं उडाला, आणि जोडरंग मूळच्या रंगाशीं मिळाला नाहीं. आतां डबा पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम त्या डागाकडेच जातें. मग तो कसा पडला हें सांगावें लागतें. यॉर्कच्या शेजाऱ्यांसहि आम्हीं सविस्तर पत्र लिहून सर्व कबूल केलें. त्यांच्या उत्तरांत नीतीविषयीं अवाक्षर नव्हतें. डागाभोंवतीं किती बारीक कागदानें घासावें, रंग किती पातळ करावा आणि वार्निशाचे किती हात द्यावे, एवढेंच त्यांनीं मोठ्या आस्थेनें कळविलें होतें. तें पत्र कपाटांत डब्याखालींच ठेवलें आहे. डाग अजून तसाच आहे.