उचललेले शब्द

आमच्या घरातल्या एका लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं, तेव्हा काका जाऊन चौदा महिने झाले होते. पत्रिकेत काकूंच्या नावाआधी चाळीसेक वर्षं असायचं ते ‘सौ.’ गेलं होतं आणि त्या जागी ‘गं. भा.’ आलं होतं. मजकूर लिहून देणारा चुलतभाऊ वाईट मनाचा मुळीच नाही. आदरानंच लिहिलं, असं तो म्हणाला आणि ते खरंही होतं. काकूंनी कागद हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, “नुसतं नाव घाला ना.” नुसतं नाव बरं दिसत नाही, असं तिघाचौघांचं मत पडलं. शेवटी ‘श्रीमती’वर तडजोड झाली.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मला ते प्रूफ आठवलं. सन्मान वाढावा हाच त्यामागचा हेतू सांगितला गेला. टीका झाली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासाही आला. या शब्दात पावित्र्य आहे, नद्या आहेत, पण काकूंसारख्या बाईला त्यातून एवढंच ऐकू येतं की नवरा नाही ही गोष्ट आता नावाच्याही आधी सांगितली जाणार. याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं एक ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. विधवेला नवं नाव देण्याच्या भानगडीत हेरवाडकर पडलेच नाहीत.

शब्दांत मोठी ताकद असते, असं आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. माझा प्रश्न असा की ती ताकद कुणाच्या हातात असते? शब्द गोड की कडू यापेक्षा तो कुणी कुणाला दिला, यावर त्याचं वजन ठरतं असं मला वाटतं. वरून खाली आलेला गोड शब्द बहुधा देणाऱ्याच्याच मनाला बरं वाटावं म्हणून असतो. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आपण ‘मावशी’ म्हणतो आणि त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवतो. नात्याचा शब्द दिला की पगारी सुटीचा विषय काढायला त्यांनाच संकोच वाटतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

मराठीत या गोष्टीचा निकाल फार पूर्वी लागला आहे. गांधीजींनी अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द रूढ केला, १९३३ मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे कुणाची, असा त्यांचा रोकडा सवाल होता. हरकत मानली गेली नाही, तेव्हा डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभागृह सोडणं आज कुणाला अतिरेक वाटेल. पण आंबेडकरांनी आपल्या नियतकालिकांना दिलेल्या नावांतली ही तीन ओळीनं वाचावीत : १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. मुका, बहिष्कृत, मग प्रबुद्ध. पहिली दोन नावं जखम झाकत नाहीत आणि तिसरं नाव कुणाकडून भेट म्हणून आलेलं नाही.

पुढे साहित्यात जे झालं ते मला मराठीतलं सर्वांत धाडसाचं काम वाटतं. आधीच्या आत्मचरित्रांची नावं पाहिली तर त्यांत आठवणी असतात, वाटचाल असते. १९७८ मध्ये दया पवारांनी पुस्तकाला नाव दिलं ‘बलुतं’. गावकीच्या कामाबद्दल दारोदार मागून आणायचं धान्य, ते बलुतं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. ज्या शब्दांनी आयुष्यभर हिणवलं गेलं, तेच उचलून मुखपृष्ठावर ठेवले.

‘अक्करमाशी’ या शब्दाशी जरा थांबू. तो सोनाराच्या तराजूतून आला आहे. बारा माशांचा एक तोळा. अकराच मासे भरले तर सोन्यात खोट. विवाहसंबंधाबाहेर जन्मलेल्या मुलाला हे माप लावलं गेलं. लिंबाळ्यांचे वडील पाटील घराण्यातले, आई दलित. शाळेत नाव घालायचं तर बापाचं नाव हवं आणि तिथंच गाडं अडलेलं. माप कुणी ठरवलं, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या पानापानात आहे. शीर्षक वाचताना वाचकालाही तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारावा लागतो आणि आजवर आपण तो कुठे, कुणाबद्दल ऐकला हे आठवतं. दुकानात जाऊन “अक्करमाशी आहे का?” असं विचारताना मी आवाज खाली आणला होता, हे मला आजही आठवतं.

‘उचल्या’ची गोष्ट आणखी वेगळी. ही नुसती गावची शिवी नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारण्याची सोय केली. १९५२ मध्ये कायदा गेला आणि सरकारनं नवा शब्द दिला, ‘विमुक्त’. चांगला, स्वच्छ, संस्कृत शब्द. पण चोरी झाली की पोलीस त्याच वस्तीत यायचे. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये पुस्तकाला नाव देताना सरकारचा स्वच्छ शब्द बाजूला ठेवला आणि पोलिसांचा, गावाचा शब्द घेतला. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ हा शब्द मग मानपत्रावर सुंदर अक्षरात लिहिला गेला असेल. तो लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल, याचं मला कुतूहल आहे.

अर्थात हे सगळं फार सरळ मांडलं तर चुकेल. वरून आलेला प्रत्येक शब्द फोल नसतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं. वस्ती गावाच्या ज्या अंगाला होती त्याच अंगाला राहते, हे खरंच. तरी नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना ज्या पोराचा हात अडखळत होता, त्याचा हात आता अडखळणार नाही. इथे सरकारनं मान बहाल केला नाही, एक अपमान काढून घेतला. ‘गंगा भागीरथी’त आणि यात मला हा फरक दिसतो.

उलट बाजूही आहे. माणसांनी स्वतः घेतलेला शब्दसुद्धा वरून काढून घेतला जातो. ‘दलित’ हा शब्द चळवळीनं घेतला, १९७२ मध्ये दलित पँथर या संघटनेनं तो रस्त्यावर आणला, त्यावर एक अख्खं साहित्य उभं राहिलं. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचना दिली की हा शब्द टाळावा आणि ‘अनुसूचित जाती’ म्हणावं. हा शब्द नको म्हणणारे खुद्द त्या समाजातही आहेत, आणि तो वाद त्यांचा आहे. पण ‘अनुसूचित’ म्हणजे यादीत घातलेला. यादी कुणीतरी करतो. ‘दलित’ म्हटलं की दळणारा कोण, हा प्रश्न निघतो. यादीतून तो निघत नाही.

पत्रिका छापून आली तेव्हा काकूंनी ती पाहिली आणि कपाटात ठेवली. ‘श्रीमती’बद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या घरी प्रूफ आलं तर बाईलाच विचारा, तुमच्या नावाआधी काय लिहू.

आणि नाव म्हटलं की एक नोंद. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत क्रम असा राहील : मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव. किशोर काळे यांनी ‘शांताबाई’ हे आईचं नाव मुखपृष्ठावर आपल्या नावात लिहिलं ते १९९४ मध्ये. २००७ मध्ये ते गेले.